यादीवाल्या बाई आल्यात

खडूची_धूळ

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही म्हणून पहिलाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, सोळावं वर्ष चालू आहे. मतदार यादीचं काम, म्हणजे बीएलओ, तीन वर्षांपासून माझ्या गळ्यात आहे. परवा रविवारी नवीन झालेल्या एका अपार्टमेंटमध्ये गेले होते. वॉचमनने आधी वहीत नाव, मोबाईल नंबर लिहून घेतला आणि मग वर फोन लावून सांगितलं, "यादीवाल्या बाई आल्यात." तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं तर समोर माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याची आई! मुलगा आता बारावीला आहे. दुसरीत होता माझ्याकडे, हातच्याची वजाबाकी काही केल्या जमत नव्हती, काड्यांचे गठ्ठे सोडवून सोडवून आम्ही दोघं घामाघूम व्हायचो. तिने ओळखलं मला. म्हणाली, "अय्या मॅडम तुम्ही? शिकवणं सोडलंत का?" म्हटलं नाही हो, हेपण करावं लागतं. तर आतून तिचे मिस्टर, टीव्हीवरची नजर न काढता, "त्यांना काय, पगार चालूच असतो, नाहीतरी शाळेत कुठे शिकवतात." आणि हसले. खोचकपणे नाही बरं का, आपण "यंदा पाऊस लांबला" म्हणतो ना, इतक्या सहज. पाणी विचारलं तिने, नाही असं नाही.

आता हे टोमणे काही नवीन नाहीत. लग्नात, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर, सगळीकडे ऐकलंय, अर्धा दिवस काम आणि उन्हाळ्याची सुट्टी वगैरे. मला त्यांचं बोलणं नाही एवढं लागलं जेवढा तिचा प्रश्न लागला. शिकवणं सोडलंत का. घरी येऊन विचार केला तर तिचं तरी काय चुकलं? २०२० मध्ये तिने मला चेकपोस्टवर गाड्यांचे नंबर लिहिताना पाहिलंय. मग कोरोनाचा माझे कुटुंब माझी जबाबदारी वाला सर्व्हे आला तेव्हा तिच्याच दारात ऑक्सिमीटर घेऊन गेले होते. आता यादी. वर्गात मी काय करते ते त्या घरातल्या एकाही मोठ्या माणसाने कधी पाहिलेलं नाही, ते फक्त त्या पोराने पाहिलंय आणि तो तेव्हा सात वर्षांचा होता.

तर खरं खरं सांगा, लोक शिक्षकांबद्दल असं का बोलतात? शिक्षक नसाल तर जास्तच सांगा.

सदाफुली७८

वाचून वाईट वाटलं ग. काड्यांचे गठ्ठे वाचून माझ्या पहिलीच्या बाई आठवल्या, त्यांचं आडनावसुद्धा आठवत नाहीये आता. रुमाल टाकून ठेवते, सवडीने लिहीन.

बांधावरून

ताई राग मानू नका, पण तुम्हीच म्हणालात खरं सांगा म्हणून सांगतो. आमच्या गावात चार शिक्षक, चौघंही तालुक्यावरून अप-डाऊन. मुख्यालयी म्हणजे शाळेच्या गावीच राहतो असा ग्रामसभेचा ठराव घेतात, घरभाडं उचलतात आणि राहतात तिकडे फ्लॅटमध्ये. पावसात रस्ता खचला की शाळा साडेअकराला सुरू, आणि चार वाजले की गाडीला किक. एकजण प्लॉटिंगचे धंदे करतो, वर्गात फोन चालू असतो "साहेब एनए झालेला आहे" म्हणून. दुसऱ्याचा विमा काढून काढून अर्ध्या गावाची पॉलिसी झाली. २०२२ मध्ये अधिवेशनात हा घरभाड्याचा विषय निघाला तेव्हा शिक्षकांनी मोर्चे काढले, का? खोटं होतं का ते? आता आदर पाहिजे म्हणता, तो काय वेतन आयोगातून मिळतो का.

(ठरावावर सह्या आम्हीच करतो तेपण खरंय, तिथे आम्हीपण चोर.)

खडूची_धूळ

बांधावरून, राग नाही. मीपण तालुक्यालाच राहते. ज्या गावात शाळा आहे तिथे भाड्याने खोली मिळत नव्हती, आणि नंतर मिळत होती तेव्हा माझ्या मुलीचं हायस्कूल सुरू झालं होतं. म्हणजे तो ठरावाचा कागद माझ्याही फायलीत आहे. तो नियमच असा आहे की पाळणारे थोडे आणि खोटं लिहिणारे सगळे. पण खोटं ते खोटं, मान्य. प्लॉटिंगवाल्याची बाजू मात्र मी घेणार नाही, असा एक आमच्या केंद्रातही (आसपासच्या शाळांचा गट) आहे आणि त्याच्या वाटणीचं ऐकून आम्ही घेतो.

वहीचं_शेवटचं_पान

मी शिक्षक नाही, कोर्टकचेरीच्या कामात असतो म्हणून दोन गोष्टी नोंदवतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. त्यातलं कलम २७ म्हणतं की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढं सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरचं काम द्यायचं नाही. म्हणजे बीएलओची पळवाट कायद्यातच आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच सांगून ठेवलंय की मतदार यादीचं काम शिक्षकांकडून सुट्टीच्या दिवशी, शिकवण्याचा वेळ सोडून करून घ्यावं. त्यामुळे ताई, तुमचा रविवार गेला तो अगदी निकालाबरहुकूम गेला म्हणायचा!

दुसरं, "अर्धा दिवस काम" वाल्यांसाठी. त्याच कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा धरलाय, त्यात शिकवण्याच्या तयारीचा वेळही मोजलाय. पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवी २२० दिवस आणि १००० तास. आता ८०० तास पोरांसमोर उभं राहायचं म्हणजे काय, ते घरी दोन मुलांना सुट्टीत सांभाळणाऱ्यांनी सांगावं.

टपाल_तात्काळ

मी द्विशिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक. पट २३, वर्ग चार, शिक्षक दोन, शिपाई शून्य. शाळेत काय चालतं ते पाहिलं नाही म्हणता ना, तर घ्या, मागच्या मंगळवारचा दिवस सांगतो.

पावणेदहाला कुलूप उघडलं. परिपाठ झाला. पहिली-दुसरीला मुळाक्षरांची कार्डं देऊन बसवलं, तिसरी-चौथीला भागाकार. तेवढ्यात पोषण आहाराच्या ताई म्हणाल्या तांदळाला किडे झालेत, चाळून घेऊ का तसाच शिजवू. गेलो, पाहिलं, चाळायला बसवलं दोघींना. परत आलो तोवर भागाकार विसरला होता, मी आणि पोरं दोघंही. मग केंद्रातून फोन, आधार न जुळलेल्या मुलांची यादी तात्काळ द्या. आता हे बाहेरच्यांना कळणार नाही म्हणून सांगतो, शाळेला शिक्षक किती मिळणार हे संचमान्यतेत ठरतं, आणि संचमान्यता आता आधार जुळलेल्या पटावर होते. म्हणजे पोरगं समोर बाकावर बसून माझ्याकडे टकामका बघतंय पण त्याच्या आधारवर "सोहम" आणि दाखल्यावर "सोहन" असलं की सरकारच्या हिशेबी ते पोरगं नाहीच. मग बापाला फोन, बाप ऊसतोडीला कर्नाटकात. दुपारी जेवणाची ऑनलाइन नोंद, रेंज नाही म्हणून पाण्याच्या टाकीवर चढून केली. ही थाप नाही, आमच्याकडे टाकीवरच रेंज येते. साडेतीनला ग्रुपवर मेसेज की आपल्या शाळेत दोन तोंडांचे साप आढळल्यास माहिती विहित नमुन्यात, बरं हे मी गमतीने लिहितोय, पण खरा मेसेजही फार वेगळा नव्हता. आणि खाली ठरलेली ओळ, माहिती निरंक असल्यास निरंक म्हणून पाठवावी, विलंब झाल्यास आपणांस व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल. मुलांना अजून भागाकार येत नाही याला मला व्यक्तिशः जबाबदार धरणारं पत्र एकोणीस वर्षांत एकदाही आलेलं नाही. एकदाही नाही. ते आलं असतं तर मला उलट बरं वाटलं असतं.

पुढे ऐका. २०२२ मध्ये आदेश निघाला, वर्गात शिक्षकांचे फोटो लावा. लावले. मुलांना मी समोर दिसत होतोच, आता भिंतीवरही दिसायला लागलो. मार्च २०२४ मध्ये ड्रेसकोड आला, जीन्स टी-शर्ट नको, आणि नावापुढे डॉक्टर लावतात तसं इंग्रजीत टीआर, मराठीत नुसतं "टी" लावा. आणि २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, १५ हजार मानधनावर, हा जीआर निघाला होता तो कोणत्या तारखेला माहितीये? ५ सप्टेंबर २०२४. शिक्षक दिन! कुणी मुद्दाम केलं नसणार, कुणाच्या लक्षातच आलं नसणार, आणि मला त्याचंच जास्त वाटतं.

रिकामटेकडा

टी लावलं म्हणजे साहेब आले की चहापण गुरुजींनीच आणायचा का? :D

(सॉरी, टपाल साहेब, पोस्ट जबरी आहे. टाकीवरची रेंज ही आमच्या मामाच्या गावची पण गोष्ट.)

जुनापाढा

आमच्या काळी मास्तर समोरून आले की आम्ही सायकलवरून उतरायचो. वडीलधारी माणसंसुद्धा बिडी विझवायची. तो काळच गेला. आता पोरगं मार्क कमी पडले की आईबाप शाळेत भांडायला येतात, आणि मास्तरने कान धरला तर पोलिसात. धाक गेला तिथे आदरही गेला, माझं तरी असं मत आहे.

निम्मा_पेला

जुनापाढा काका, मीही सायकलवरून उतरायचो. पण का, ते सांगतो. सहावीत नकाशात गोदावरी चुकीच्या बाजूने वाहवली म्हणून गुरुजींनी बोटांच्या मधे पेन्सिल घालून दाबली होती. ते बोट अजून थंडीत दुखतं. त्यानंतर मी त्यांना पाहून सायकलवरून उतरायचो, घरी सांगायचो नाही, कारण घरी सांगितलं असतं तर वर दोन मिळाल्या असत्या. याला आदर म्हणायचं असेल तर तो गेला ते उत्तम झालं. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, कलम १७, आणि ती शिक्षकाच्या अपमानासाठी आणलेली नाही.

आणि बिडी विझवणाऱ्या वडीलधाऱ्यांचं म्हणाल तर माझे आजोबा पण विझवायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. कोर्टाचा कागद आला, मुंबईच्या गिरणीतून चुलत्याचं पत्र आलं, मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा असला की मास्तरच. बिडी विझायची ती त्या गरजेपायी. आता आजोबांचा नातू स्वतः फॉर्म भरतो, मग तो कशाला विझवेल? हे वाईट झालं का? मला नाही वाटत. शिक्षकाने शिकवलं म्हणूनच तर शिक्षकाची ती गरज संपली.

वहीचं_शेवटचं_पान

निम्मा_पेला यांच्या प्रतिसादावरून एक आठवलं, थोडं अवांतर आहे पण राहवत नाही. १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा फुल्यांनी जे निवेदन दिलं त्यात प्राथमिक शिक्षकांबद्दल चांगलं सविस्तर लिहिलंय. शिक्षक प्रशिक्षित असावेत, पगार १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावात १५ ते २० असावा. आणि पुढची सूचना भारी आहे. गावात शिक्षकाचं वजन वाढावं म्हणून त्याला गावच्या हिशेबाचा तपासनीस, दस्त नोंदणारा, पोस्टमास्तर, स्टॅम्पविक्रेता अशी कामं जोडून द्यावीत! म्हणजे फुले म्हणत होते, शिक्षकाला शाळेबाहेरची कामं द्या, त्याने त्याची पत वाढेल. आणि आपण इथे रडतोय की शाळेबाहेरच्या कामांनी पत गेली.

दोन्ही खरं कसं? मला वाटतं फुल्यांनी सुचवलेल्या कामांत गाव शिक्षकाकडे येणार होतं, सहीसाठी, शिक्क्यासाठी. निर्णय त्याच्या हातात. आत्ताच्या कामात तो दारोदार जातो, फॉर्म दुसऱ्याचा, शिक्का दुसऱ्याचा, ॲप दुसऱ्याचं, याने फक्त बेल वाजवायची. लोकांना एवढं बरोबर कळतं की समोरच्या माणसाच्या हातात काहीच नाहीये.

खडूची_धूळ

हे हे हे! वॉचमनच्या वहीत नाव लिहिताना मला नेमकं हेच झालं होतं आणि शब्द सापडत नव्हते. मनीऑर्डर लिहिणाऱ्या मास्तरला कुणी "तुमचा मोबाईल नंबर लिहा आधी" म्हटलं नसतं.

टिफिनबॉक्स

तुम्ही सरकारी लोक निदान पगारावर टोमणे खाता. मी इंग्लिश मिडियम प्रायव्हेट शाळेत आहे, बारा वर्षं, हातात ११ हजार, सही कितीवर करते ते इथे लिहीत नाही. सोळा हजार तर नव्याने लागलेल्या शिक्षणसेवकाला मिळतात आता. आमच्याकडे अपमान वेगळ्या जातीचा असतो, "आम्ही फी भरतो" हा. रात्री पावणेअकराला ग्रुपवर मेसेज, टीचर उद्या कोणत्या कलरचे सॉक्स. उत्तर नाही दिलं तर सकाळी प्रिन्सिपॉल मॅडमकडे कंप्लेंट. माझ्या मुलाला दुसऱ्या रांगेत का बसवलं, त्याचा बर्थडे होता तर एक्झाम का ठेवली. एका बाबांनी मला पेरेंट्स मीटिंगला सांगितलं, "मॅम, तुम्ही सर्व्हिस इंडस्ट्रीत आहात हे विसरू नका." मी विसरत नाही हो, पण मग सर्व्हिस चार्ज कुठे जातो तेपण एकदा शाळेच्या ट्रस्टींना विचारा.

आणि जास्त वाईट म्हणजे आम्हीच एकमेकींना सांगतो, काही होत नसेल तर बीएड कर. माझ्या नणंदेने मुलीला हेच सांगितलं माझ्यासमोर. मग जाणवलं तिला, जीभ चावली.

टप्पा_वीस

टिफिनबॉक्स ताई, आमच्याकडे तर सहीचाही आकडा नाही. विनाअनुदानित तुकडीवर अकरा वर्षं. "कायम विनाअनुदानित" मधला कायम शब्द २००९ ला काढला, विनाअनुदानित राहिलंच. मग अनुदानाचा टप्पा, पगाराच्या २० टक्के, ४० टक्के, आझाद मैदानावर जाऊन बसलं की एखादा टप्पा पुढे सरकतो, पावसात ताडपत्री धरून बसलोय तिथे. सकाळी शाळा, दुपारी दुसऱ्याच्या शेतात फवारणी. माझ्याच नववीच्या पोराने पाहिलं पंप पाठीवर असताना. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याने काही म्हणजे काहीच म्हटलं नाही, आणि मला त्याच्याकडे बघून प्रकाशाचं अपवर्तन शिकवायचं होतं.

स्थळं येतात ना, पहिला प्रश्न "मुलगा शिक्षक आहे, पण टप्पा कितीचा?" हसू नका.

बांधावरून

टप्पा_वीस, भाऊ, तुमच्यापुढे हात जोडले. मी बोललो ते तुमच्याबद्दल नव्हतं.

पण बाकीच्यांना विचारतो, २०११ ची पटपडताळणी आठवते का? तीन दिवस राज्यभर पोरं मोजली तर कागदावरची कितीतरी पोरं शाळेत नव्हतीच. २०२१ ला टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा घोटाळा बाहेर आला, पैसे देऊन नापासाचे पास. ते लोक वर्गात उभे राहिले की! आम्ही गावातली माणसं पेपर वाचतो. एकदा असं वाचलं की पुढचा मास्तर चांगला असला तरी डोळा तसाच राहतो. हे टीव्हीवाले मिस्टर बोलले ते यातूनच बोलले असणार.

टपाल_तात्काळ

बरोबर आहे, आणि त्याची भरपाई आम्हीच करतोय बघा. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की पाचपेक्षा जास्त वर्षं नोकरी उरलेल्या सगळ्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. कोर्टाचा मुद्दा मला पटतो, पात्रता सगळ्यांना सारखी पाहिजे. पण गावात ती बातमी कशी पोचली? "मास्तर लोकं आत्तापर्यंत परीक्षा न देताच बसलेत." आम्ही लागलो तेव्हा ही परीक्षा अस्तित्वातच नव्हती हे कोण सांगणार कुणाला. पारावर बसलेल्या एका पालकाने विचारलं, "गुरुजी, पेपर कधी तुमचा? पोराला सांगू का अभ्यास घ्यायला?" सगळे हसले, मीही हसलो. आता रात्री बायको झोपल्यावर बालमानसशास्त्र वाचतोय, त्रेपन्न वर्षांचं वय, मुलांची बुद्धी कशी वाढते त्यातली ती पियाजेची अवस्था काही केल्या लक्षात राहत नाही. नेमक्या त्याच अवस्थेतली तेवीस पोरं रोज समोर असतात.

निम्मा_पेला

टपाल साहेब, मुलांना बाहेर काढून आईबापांना एक दिवस आत बसवायचं बघा, खरंच. तमाशा नाही, नुसता एक तास. भागाकार कसा शिकवतात ते बघू दे.

टपाल_तात्काळ

केलंय. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला आलेल्या सात जणांना मागच्या बाकावर बसवलं आणि हातच्याचा गुणाकार घेतला. दोन आया पूर्ण वेळ बसल्या. त्यातली एक शेवटी म्हणाली, "एवढ्या वेळा तेच तेच सांगायचं? मी असते तर एक ठेवून दिली असती." तेव्हापासून ती पारावर कुणी काही बोललं की उठून भांडते म्हणे. बाकीचे पाच जण चहाच्या आधीच गेले होते.

सदाफुली७८

आले परत. खडूची_धूळ, सगळे प्रतिसाद वाचले, खूप लिहायचं होतं पण आता शब्दच नाहीत, आणि अकरा वाजले. अवांतर आहे पण तू त्याच कामात आहेस म्हणून विचारते ग, माझ्या सासूबाईंचं नाव यादीतून गळलंय, मागच्या वेळी मतदान केलं होतं त्यांनी. ऑनलाइन काही कळत नाहीये. कुठला फॉर्म भरायचा?

खडूची_धूळ

फॉर्म ६ भर. नुसता पत्ता किंवा नावाची दुरुस्ती असती तर ८ लागला असता. एक फोटो आणि वयाचा, पत्त्याचा पुरावा जोड. तुमच्या भागातल्या बीएलओ बाईंना फोन कर, बहुतेक शिक्षिकाच असतील. शाळेच्या वेळात नको करूस फक्त.